उंबऱ्यापर्यंत आलेला कायदा

१ एप्रिल २०१६ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने एका जनहित याचिकेवर निकाल दिला. याचिका दोघींची होती, विद्या बाळ आणि अ‍ॅड. नीलिमा वर्तक यांची. शनिशिंगणापूरच्या चौथऱ्यावर बायकांना जाऊ देत नाहीत, हा त्यातला मूळ मुद्दा. मुख्य न्यायमूर्ती धीरेंद्र वाघेला आणि न्यायमूर्ती महेश सोनक यांच्या खंडपीठाने सांगितले, की मंदिरात जाणे हा स्त्रीचा मूलभूत हक्क आहे आणि त्या हक्काचे रक्षण करणे सरकारचे काम आहे. त्यासाठी नवा कायदा करण्याची गरजच नव्हती. सार्वजनिक हिंदू पूजास्थानांत प्रवेश देणारा कायदा राज्यात १९५६ पासून होता, प्रवेश अडवणाऱ्याला सहा महिन्यांपर्यंत कैदेची तरतूदही त्यात होती. साठ वर्षे तो पुस्तकात पडून होता. पुण्यातल्या एका एकोणऐंशी वर्षांच्या संपादिकेने आणि तिच्या वकील मैत्रिणीने न्यायालयाला त्याची आठवण करून दिली.

आठवड्याभरात, ८ एप्रिलच्या गुढीपाडव्याला, शिंगणापूरचा चौथरा बायकांसाठी खुला झाला. त्यानंतर पाच दिवसांनी या निकालाची खरी परीक्षा झाली, ती आमच्या कोल्हापुरात. १३ एप्रिलला भूमाता ब्रिगेडच्या तृप्ती देसाई अंबाबाईच्या गाभाऱ्यात जायला आल्या. पोलीस सोबत होते, न्यायालयाचा निकाल होता, प्रशासनाचा होकार होता. तरीही त्यांना देवळात मारहाण झाली आणि त्यांना रुग्णालयात दाखल करावे लागले.

देसाईंची आंदोलनाची रीत सगळ्यांना पटणारी नव्हती, कोल्हापुरातल्या पुरोगामी मंडळींनाही नाही. कॅमेरे पुढे आणि तयारी मागे, अशी टीका तेव्हाही झाली. ती खरी धरली तरी गाभाऱ्यात एका बाईवर उगारलेला हात समर्थनीय ठरत नाही. आणि हे घडले कुठे, तर जिथली अधिष्ठात्री देवी आहे त्या शहरात. ज्या शहराचे नाव निघाले की दुसऱ्याच श्वासाला शाहू महाराजांचे नाव येते, त्या शहरात.

या लेखात मला विद्याताईंबद्दल लिहायचे आहे, पण पुण्याहून नाही, कोल्हापुरातून. त्यांचे आयुष्य पुण्यात गेले, त्यांच्यावर लिहिणारेही बहुतेक पुण्याचेच. त्या लेखांतून एक प्रेमळ, धीट, हसऱ्या चेहऱ्याची कार्यकर्ती दिसते, आणि ती तशी होतीच. परंतु त्यांच्या कामाचे मोल कळते ते सदाशिव पेठेपासून दूर. कायदा उंबऱ्यापर्यंत येतो आणि तिथेच थबकतो. त्याच्या पुढे माणसे जातात ती मन तयार असेल तरच. मन तयार करण्याचे हे काम एक बाई पन्नासहून अधिक वर्षे मासिकाच्या पानांवरून करत होती. मला ते त्यांच्या न्यायालयीन विजयापेक्षा मोठे वाटते.

०

विद्या बाळ यांचा जन्म १२ जानेवारी १९३७ चा. ‘केसरी’चे संपादक, साहित्यसम्राट न. चिं. केळकर हे त्यांचे आजोबा. घर टिळकांच्या परंपरेतले, सुशिक्षित, पुण्याच्या मध्यमवर्गाच्या अगदी मध्यावरचे. केळकरांची मुलगी, म्हणजे विद्याताईंची आत्या, डॉ. कमलाबाई देशपांडे लहान वयात विधवा झाल्या. कर्व्यांच्या महिला विद्यापीठातून त्या शिकल्या आणि पुढे संस्कृतच्या विदुषी म्हणून नावारूपाला आल्या. विद्याताईंनी त्यांचे चरित्र लिहिले, ‘कमलाकी’. स्त्रीच्या आयुष्यात शिक्षणाने काय उलथापालथ होते याचा पहिला धडा त्यांना घरातच मिळाला होता, हे या पुस्तकावरून समजते.

फर्ग्युसन महाविद्यालयातून अर्थशास्त्र घेऊन त्या पदवीधर झाल्या. काही काळ पुणे आकाशवाणीवर काम केले. लग्न, संसार, मुले हे त्या काळच्या रीतीप्रमाणे झाले. १९७४ साली त्यांनी जनसंघाच्या तिकिटावर पुणे महापालिकेची निवडणूक लढवली आणि त्या हरल्या. हा तपशील त्यांच्या गौरवलेखांतून बऱ्याचदा वगळला जातो. मला तो फार महत्त्वाचा वाटतो. स्त्रीवादी म्हणून जन्माला आलेली ही बाई नव्हे. ती जिथे वाढली तिथून, जे वाचले, जे ऐकले, जी पत्रे समोर आली त्यांतून ती बदलत गेली, आणि हा बदल वाचकांच्या डोळ्यांदेखत झाला. म्हणूनच तिच्या मागून चालायला बायकांना भीती वाटली नाही. जी स्वतः वाट तुडवत आली आहे तिला, अजून घरात बसलेल्या बाईची भीती ठाऊक असते.

१९६४ साली त्या ‘स्त्री’ मासिकात साहाय्यक संपादक झाल्या. ‘स्त्री’चे मूळ पुण्याचे नाही, ते आमच्या बाजूचे आहे. मिरज-पुणे लोहमार्गावर कुंडलच्या माळावर लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९१० मध्ये नांगराचा कारखाना आणि त्याभोवती वसाहत उभारली. तेव्हाच्या औंध संस्थानातली ती किर्लोस्करवाडी. तिथून शंकरराव किर्लोस्करांनी १९२० मध्ये ‘किर्लोस्कर खबर’ सुरू केले, १९३० मध्ये ‘स्त्री’ आणि १९३४ मध्ये ‘मनोहर’. लोखंडी नांगर आणि स्त्रीशिक्षण यांचा प्रचार एकाच आवारातून होत होता. दक्षिण महाराष्ट्रातल्या संस्थानी मुलखात, सांगली-मिरज-कोल्हापुरात, त्या मासिकांनी दोन पिढ्यांच्या वाचनाला वळण लावले. पुढे ती पुण्याला गेली, पण वाचकवर्ग गावोगावी पसरलेला राहिला, आणि विद्याताईंना तो आयता मिळाला.

आयता म्हणजे सोपा नव्हे. साठच्या दशकातल्या बायकांच्या मासिकात विणकामाचे नमुने असत, पाककृती असत, संसारकथा असत. ‘स्त्री’त त्यांच्या शेजारी घटस्फोट, हुंडा, नोकरी यांवरचे लेखही असत, ही त्या मासिकाची जुनी परंपरा. शांताबाई किर्लोस्करांनी ती सांभाळली होती. विद्याताईंनी त्या घराची मोडतोड केली नाही. एकेक खिडकी मोठी करत नेली. त्या साहाय्यक संपादक होत्या तोवर, म्हणजे जवळजवळ वीस वर्षे, त्यांनी हे काम दुसऱ्या खुर्चीवर बसून केले. १९८३ ते १९८६ ही फक्त तीन वर्षे त्या ‘स्त्री’च्या संपादक होत्या. नावापुढे ‘संपादक’ हा शब्द लागण्याआधीच त्यांच्या हातून संपादन झाले होते.

०

या वीस वर्षांत देशातही बरेच काही हलत होते. १९७४ च्या अखेरीस स्त्रियांच्या स्थितीवर नेमलेल्या सरकारी समितीचा अहवाल आला आणि स्वातंत्र्याने बायकांचे भले केले आहे ही समजूत त्याने खोडून काढली. १९७५ हे आंतरराष्ट्रीय महिला वर्ष. १९७२ मध्ये त्या वेळच्या चंद्रपूर जिल्ह्यातल्या देसाईगंजच्या पोलीस ठाण्यात मथुरा या आदिवासी मुलीवर बलात्कार झाला होता. सर्वोच्च न्यायालयाने पोलिसांना सोडले, त्यावर चार विधिज्ञांनी १९७९ मध्ये सरन्यायाधीशांना खुले पत्र लिहिले आणि देशभर बायका रस्त्यावर आल्या. १९८३ मध्ये बलात्काराच्या कायद्यात सुधारणा झाली. त्याच वर्षी सासरच्या छळासाठी भारतीय दंडविधानात ४९८-अ हे कलम आले.

पुण्याला मात्र खडबडून जागे केले ते मंजुश्री सारडा या तरुणीच्या मृत्यूने. १९८२ च्या जूनमध्ये, लग्नानंतर अवघ्या चार महिन्यांत, विषाने तिचा मृत्यू झाला. तिने माहेरी आणि मैत्रिणीला लिहिलेली पत्रे हा खटल्यातला महत्त्वाचा पुरावा ठरला. पुण्याच्या सत्र न्यायालयाने तिच्या नवऱ्याला फाशीची शिक्षा सुनावली, उच्च न्यायालयाने ती कायम केली आणि १९८४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने परिस्थितीजन्य पुरावा अपुरा म्हणून त्याची निर्दोष मुक्तता केली. त्या निकालात परिस्थितीजन्य पुराव्याच्या ज्या पाच कसोट्या सांगितल्या त्या आजही कायद्याच्या प्रत्येक विद्यार्थ्याला शिकवल्या जातात. मंजुश्रीची पत्रे मात्र आता कोणी वाचत नाही.

गुन्हा कोणाचा हे ठरवणे न्यायालयाचे काम, आणि त्याने ते केले. पण शिकलेल्या, खात्यापित्या घरातली मुलगी आपले दुःख पत्रात लिहिते, वडीलधाऱ्यांना ते कळते आणि तरीही ती त्याच घरात परत जाते, या गोष्टीचा न्याय कुठल्या न्यायालयात होणार? विद्याताईंनी हा प्रश्न उचलला. मासिकाच्या कचेरीत वर्षानुवर्षे अशीच पत्रे येत होती. ती वाचणाऱ्या बाईला मंजुश्री परकी नव्हती.

त्यातूनच १९८२ मध्ये नारी समता मंच उभा राहिला. ‘मी एक मंजुश्री’ हे प्रदर्शन मंचाने तयार केले आणि महाराष्ट्रात गावोगावी नेले. चित्रे, तक्ते, मजकूर, आणि समोर उभ्या राहणाऱ्या बायका. अशा प्रदर्शनापुढे थांबलेली बाई तक्ता वाचून झाला की शेजारच्या कार्यकर्तीकडे वळते आणि दबक्या आवाजात बोलायला लागते. मंचाच्या पुढच्या कामाची दिशा या बोलण्यातूनच ठरत गेली. अडचणीतल्या बायकांसाठी बोलते व्हा केंद्र निघाले. पुढे पुरुषांनाही मन मोकळे करायला जागा हवी म्हणून पुरुष संवाद केंद्र निघाले. ‘स्त्री’च्या वाचकांची सखी मंडळे तर आधीपासूनच होती. खेड्यातल्या बायकांबरोबर ‘ग्रोइंग टुगेदर’ हा प्रकल्प चालला. नाव इंग्रजी होते, बसणे मात्र जमिनीवर होते.

संपादक आणि कार्यकर्ती ही दोन कामे आपल्याकडे वेगळी मानायची सवय आहे. संपादक कचेरीत बसतो, कार्यकर्ता मोर्चात जातो. विद्याताईंच्या बाबतीत अशी फारकत करता येत नाही. मोर्चातून आलेला प्रश्न लेख होई, लेखातून आलेले पत्र प्रकरण होई, प्रकरणातून केंद्र उभे राही आणि केंद्रातला अनुभव पुन्हा पानावर येई. वाचक ही त्यांच्या दृष्टीने गिऱ्हाईक कधीच नव्हती. ती उद्याची कार्यकर्ती होती, फक्त अजून उठलेली नव्हती.

०

१९८६ मध्ये ‘स्त्री’ सुटले. वय एकोणपन्नास. तीन वर्षांनी, १९८९ मध्ये, त्यांनी ‘मिळून साऱ्याजणी’ सुरू केले. आता मागे कारखाना नव्हता, उद्योगसमूह नव्हता. वर्गणी, मैत्रिणी आणि जिद्द एवढ्यावर मासिक काढायचे होते. मराठी मासिकांचा मृत्युदर ज्यांना ठाऊक आहे त्यांना हे धाडस किती मोठे होते ते सांगायला नको. विचाराला वाहिलेली नियतकालिके दोन-चार वर्षांत बंद पडण्याचा आपला इतिहास आहे. स्त्रीमुक्तीच्या चळवळीतून सत्तरच्या दशकात निघालेले ‘बायजा’सुद्धा टिकले नाही. ‘मिळून साऱ्याजणी’ तीन दशके ओलांडून चालू आहे.

टिकण्याचे कारण मला त्याच्या सुरात दिसते. तिचा आणि त्याचा स्वतःशी नव्याने संवाद सुरू व्हावा, ही मासिकाची भूमिका पहिल्यापासून होती. यातला ‘तो’ फार जणांना खटकला. बायकांच्या चळवळीच्या मासिकात पुरुषांना जागा कशाला, असा सवाल चळवळीतूनच आला. विद्याताईंनी ती जागा हट्टाने राखली. पुरुष बदलल्याशिवाय घर बदलणार नाही, आणि घर बदलल्याशिवाय बाईला बाहेर मिळालेला हक्क संध्याकाळी चूल पेटवताना तिच्या हातून निसटणार, हे त्यांनी हजारो पत्रांतून ओळखले होते. संपादकीयाच्या जागी त्या वाचकाशी बोलत. उपदेश करण्याचा अधिकार असूनही तो न वापरता शेजारी बसून बोलणे ही सोपी कला नाही. त्यांच्या संपादकीयांचे पुस्तक झाले त्याचे नाव ‘संवाद’ आहे, ते उगाच नाही.

त्यांच्या इतर लेखनाविषयी थोडक्यात सांगतो. त्यांनी कादंबऱ्या लिहिल्या, अनुवाद केले, ‘तुमच्या माझ्यासाठी’, ‘शोध स्वतःचा’ यांसारखी पुस्तके लिहिली, ‘अपराजितांचे निःश्वास’, ‘मिळवतीची पोतडी’ यांसारख्या पुस्तकांचे संपादन केले. ललित लेखिका म्हणून त्या मराठीच्या पहिल्या रांगेत नाहीत आणि त्यांनी तसा दावाही केला नाही. संपादक म्हणून मात्र त्या पहिल्या रांगेत आहेत. तनुबाई बिर्जे यांनी पतीच्या निधनानंतर ‘दीनबंधू’ची धुरा घेतली, तिथून सुरू होणाऱ्या मराठी स्त्री-संपादकांच्या परंपरेत इतका दीर्घ काळ आणि इतक्या सातत्याने काम केलेल्या बायका हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या आहेत.

०

आता टीकेचेही बोलले पाहिजे. ती विद्याताईंच्या हयातीतही झाली आणि त्यांनी ती ऐकून घेतली. पुण्या-मुंबईतली स्त्रीमुक्ती चळवळ उच्चवर्णीय, मध्यमवर्गीय बायकांची राहिली, तिने बाईचे दुःख जातीपासून तोडून पाहिले, असा हा आक्षेप. उर्मिला पवार आणि मीनाक्षी मून यांनी आंबेडकरी चळवळीतल्या बायकांचा इतिहास ‘आम्हीही इतिहास घडवला’ या ग्रंथात मांडला. शर्मिला रेगे यांनी दलित स्त्रीच्या वेगळ्या बोलण्याचे सैद्धांतिक महत्त्व नव्वदच्या दशकात पुढे आणले. हा आक्षेप मोठ्या प्रमाणात खरा आहे. ‘मंजुश्री’ प्रदर्शनातले घर आणि उसाच्या फडातली कोपी, दोन्हीकडे बाईला मार असतो, पण तिला मारणारे हात नवऱ्याचेच असतात असे नाही. कधी ते मुकादमाचे असतात, कधी गावाचे.

कोल्हापुरातून हे अधिक स्पष्ट दिसते, कारण इथली स्त्रीसुधारणेची वाट पुण्याहून निराळी आहे. ती सत्यशोधक वाट आहे आणि ती मासिकातून नाही, दरबारातून आली. शाहू महाराजांनी १९१७ मध्ये सक्तीचे मोफत प्राथमिक शिक्षण आणले. त्याच वर्षी विधवा पुनर्विवाहाला कायद्याचा आधार दिला. १९१९ मध्ये आंतरजातीय विवाहाचा आणि स्त्रियांना क्रूरपणे वागवण्याविरुद्धचा, असे दोन कायदे केले. १९२० मध्ये जोगत्या-मुरळ्यांची प्रथा बंद करणारा कायदा केला. घरच्या छळाविरुद्ध भारतीय दंडविधानात कलम आले १९८३ मध्ये, करवीर संस्थानात तसा कायदा त्याच्या चौसष्ट वर्षे आधी होता. १९१८ मध्ये धाकटे राजपुत्र शिवाजी महाराज शिकारीत दगावले, तेव्हा बालवयातल्या विधवा सुनेला, इंदुमतीदेवींना, महाराजांनी कोपऱ्यात बसू दिले नाही. सोनतळीला ठेवून शिकवले. राजवाड्यातला विरोध पत्करून शिकवले.

आणि देवळाचा प्रश्नही कोल्हापूरला नवा नव्हता. देवापुढे कोणाला कोणता अधिकार, याच मुद्द्यावर १८९९ पासून इथे वेदोक्त प्रकरण पेटले. पंचगंगेच्या घाटावर सुरू झालेल्या त्या वादाने महाराष्ट्राचे पुढच्या शतकाचे राजकारण घडवले. धर्माच्या नावाने माणसाला उंबऱ्याबाहेर ठेवणे म्हणजे काय, हे या शहराला शिकवायची गरज नव्हती.

असे असूनही १३ एप्रिल २०१६ घडले. त्याच्याही आधी दुसरे एक घडत होते आणि ते अधिक भयंकर होते, कारण ते शांतपणे घडत होते. २००१ च्या जनगणनेत कोल्हापूर जिल्ह्यात सहा वर्षांखालच्या हजार मुलांमागे मुली होत्या ८३९. उसाच्या, दुधाच्या, साखर कारखान्यांच्या, सहकाराच्या या सधन जिल्ह्यात मुली गर्भातच मारल्या जात होत्या. जिल्हाधिकारी लक्ष्मीकांत देशमुख यांनी सोनोग्राफी यंत्रांना ‘सायलेंट ऑब्झर्व्हर’ हे तपासणीवर नजर ठेवणारे उपकरण बसवण्याची मोहीम हाती घेतली तेव्हा देशभर कोल्हापूरचे नाव झाले. नाव उपायासाठी झाले, पण आजार आमचाच होता. शाहूंचा वारसा सांगणाऱ्या घरांतूनच बायका तपासणीला गेल्या होत्या.

म्हणूनच मला वाटते, की कोल्हापूरला पुण्याच्या त्या मासिकाची गरज होती आणि पुण्याला कोल्हापूरची. दरबाराने कायदा दिला, पण घरात शिरून बोलणारे कोणी नव्हते. मासिक घरात शिरले, पण जात आणि भाकरी त्याच्या पानांवर उशिरा आली. दोन्ही वाटा एकमेकींना पुऱ्या भेटल्या नाहीत. भेटल्या असत्या तर इकडच्या वाड्यावस्त्यांवरचे चित्र आज निराळे असते.

०

त्या भेटल्या तेवढ्या भेटल्या त्या अंधश्रद्धा निर्मूलनाच्या चळवळीत. शिंगणापूरच्या चौथऱ्याचे पहिले आंदोलन २००० सालचे. डॉ. नरेंद्र दाभोलकर, डॉ. श्रीराम लागू आणि कोल्हापूरचे एन. डी. पाटील त्यात आघाडीवर होते. तेव्हा आंदोलकांना वाटेतच अडवून अटक झाली आणि प्रश्न न्यायालयाच्या कागदांत गेला. नोव्हेंबर २०१५ मध्ये एक तरुणी चौथऱ्यावर चढली, गावाने शनीला दुधाचा अभिषेक करून शुद्धी केली, आणि विषय पुन्हा वर आला.

त्या पंधरा वर्षांत दोन माणसे नाहीशी केली गेली होती. २० ऑगस्ट २०१३ ला पुण्यात दाभोलकर. १६ फेब्रुवारी २०१५ ला कोल्हापुरात कॉम्रेड गोविंद पानसरे आणि त्यांच्या पत्नी उमाताईंवर गोळ्या झाडल्या गेल्या, २० तारखेला पानसरे गेले. सकाळच्या फेरीवरून परतणाऱ्या म्हाताऱ्या जोडप्यावर. शाहूंच्या गावात. त्यानंतर दर महिन्याच्या २० तारखेला इथे निर्भय मॉर्निंग वॉक निघत राहिला, आणि त्यात बायका मोठ्या संख्येने चालत होत्या. अशा काळात ऐंशीला टेकलेली एक बाई देवळाच्या प्रश्नावर स्वतःच्या नावाने याचिका दाखल करते, तेव्हा ती केवळ कायद्याची बाब राहत नाही.

विद्याताई स्वतः देवभोळ्या नव्हत्या. मग देवळात जाण्यासाठी भांडण कशाला, असे त्यांना दोन्ही बाजूंनी विचारले गेले. श्रद्धावान म्हणत, तुम्हाला देवाशी काय करायचे आहे. पुरोगामी म्हणत, जिथून बायकांना बाहेर काढायचे तिथेच तुम्ही त्यांना आत नेता. त्यांची भूमिका सरळ होती. जायचे की नाही हे बाई ठरवेल. तिला अडवायचे की नाही हे दुसऱ्या कोणी ठरवायचे नाही. प्रश्न दर्शनाचा नव्हता, बाईचा देह विटाळाचा आहे या समजुतीचा होता. ती समजूत गाभाऱ्यात मुक्कामाला असते, पण तिथेच थांबत नाही. स्वयंपाकघरात येते, लग्नमांडवात येते, शाळकरी मुलीच्या मनात येते आणि तिथे आयुष्यभर राहते.

मला ही भूमिका पूर्णपणे पटते. कोल्हापुरात २०११ मध्येच आंदोलन करून बायका अंबाबाईच्या गाभाऱ्यात गेल्या होत्या. म्हणजे वाट एकदा उघडली होती, पाच वर्षांत ती पुन्हा बुजली होती, आणि २०१६ मध्ये त्याच वाटेवर मारहाण झाली. एका दिवसाच्या विजयाने रूढी हटत नाही. तिच्याशी रोज बोलावे लागते, आणि रोज बोलण्याचे काम वर्तमानपत्राचा मथळा करू शकत नाही.

०

शेवटच्या वर्षांत विद्याताई सन्मानाने मरण्याच्या हक्काविषयीही बोलत होत्या. इच्छामरण हा शब्द आपल्याकडे कुजबुजत उच्चारला जातो, त्या तो सभेत उच्चारत. २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने जिवंतपणी करून ठेवलेल्या वैद्यकीय इच्छापत्राला मान्यता दिली. ३० जानेवारी २०२० रोजी पुण्यात त्यांचे निधन झाले. वय त्र्याऐंशी. ‘मिळून साऱ्याजणी’ची जबाबदारी त्याआधीच गीताली वि. मं. यांच्याकडे गेली होती. संस्थापकाने हयातीत खुर्ची सोडून देणे हे आपल्याकडच्या संस्थांत क्वचित घडते, ते इथे घडले, आणि मासिक जगले त्याचे हेही एक कारण आहे.

त्या गेल्यानंतर सव्वादोन वर्षांनी, मे २०२२ मध्ये, शाहू महाराजांच्या स्मृतिशताब्दीच्या आठवड्यात, शिरोळ तालुक्यातल्या हेरवाड गावाने एक ठराव केला. नवरा वारल्यावर बाईचे कुंकू पुसायचे नाही, बांगड्या फोडायच्या नाहीत, मंगळसूत्र तोडायचे नाही, जोडवी काढायची नाहीत. असा ठराव करणारी ही राज्यातली पहिली ग्रामपंचायत. ग्रामसभेत हा ठराव गावातल्या बायकांनीच मांडला. १७ मे २०२२ रोजी राज्य सरकारने परिपत्रक काढून सगळ्या ग्रामपंचायतींना हेरवाडचा कित्ता गिरवायला सांगितले.

हेरवाडचा ठराव विद्याताईंमुळे झाला असे मी म्हणणार नाही, ते खरे ठरणार नाही. करोनात उमेदीतली माणसे गेली, तरुण बायका विधवा झाल्या आणि गावाला ते बघवले नाही, हे त्याचे जवळचे कारण. पण या ठरावात मला त्या दोन वाटा पहिल्यांदा एकत्र आलेल्या दिसतात. शाहूंच्या स्मृतीचा आधार घेऊन केलेला ठराव आणि एका घरातल्या बाईच्या दुःखावर गावाने मोकळेपणी केलेले बोलणे. वरून आलेला कायदा नाही आणि आतल्या आत राहिलेले हुंदकेही नाहीत. गावाने स्वतः ठरवले.

ठराव मात्र ठरावच असतो, हे १९५६ च्या कायद्याच्या उदाहरणावरून आपण शिकलो आहोत. परिपत्रक सगळ्या ग्रामपंचायतींत पोचले असले तरी तिरडी उचलण्याआधी बांगड्या फोडायला पुढे येणारे हात अजून थांबलेले नाहीत, आणि ते हात बहुधा घरातल्या बायकांचेच असतात. त्यांना रागावून काही होणार नाही. त्यांच्या शेजारी बसून, मयताच्या दिवशी नाही तर त्याच्या आधी कधीतरी, बोलावे लागेल.

तेव्हा हा लेख वाचणाऱ्या प्रत्येकाला, विशेषतः गावाकडे घर असलेल्यांना, एक विनंती. दिवाळीला गावी गेलात की ग्रामपंचायतीत जाऊन विचारा, विधवा प्रथेविरुद्धचा ठराव आपल्या गावाने केला आहे का. केला नसेल तर पुढच्या ग्रामसभेच्या विषयपत्रिकेवर तो घ्यायला लावा. केला असेल तर त्यानंतर गावात किती मयती झाल्या आणि त्या बायकांच्या हातात बांगड्या राहिल्या का, हे घरी आई-चुलतीला विचारा. आणि गावच्या वाचनालयात बायकांशी बोलणारे एखादे मासिक येत नसेल, तर त्याची वर्षाची वर्गणी भरून या.